मागे एक आहे

जुम्ल्याहून खाली सुर्खेतला जाणारा रस्ता म्हणजे कुणीतरी कड्यावर नखाने ओढलेला ओरखडा आहे. एका वेळी एकच गाडी मावते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. म्हणजे आहे, तिला नावाची नदी आहे, पण इतकी खाली की तिचा आवाज येतो, ती दिसत नाही.

अशा रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की त्याची एक रीत आहे. उतरणाऱ्याने डोंगरात कोरलेल्या खाचेत गाडी घालून थांबायचं. चढणाऱ्याने बाहेरच्या कडेने निघून जायचं. दोघांच्या खिडक्या इतक्या जवळ येतात की कोपराला कोपर लागतं. तेवढ्यात थांबलेल्याने विचारायचं, "मागे किती?"

चढणारा बोटं दाखवतो. दोन बोटं म्हणजे मागे दोन गाड्या आहेत, त्यांना जाऊ दे, मग निघ. एक बोट म्हणजे एक. कोणी नसेल तर हात झटकायचा, जेवल्यावर हात धुऊन पाणी झटकतो तसा. फोनला रेंज नाही, पोलीस नाही, पाटी नाही. सगळा रस्ता या बोटांवर चालतो. आणि मोजलेली गाडी आलीच नाही, तर थांबलेल्याने उतरून पायी बघायला जायचं. कारण मोजलेली गाडी आली नाही याचा अर्थ एकच असतो.

ओखरबोटच्या हर्केला या अर्ध्या मिनिटाचं वेड होतं.

हर्के म्हणजे हर्कजंग रोकाया, चहाचं दुकान चालवणाऱ्या जौकला आमाचा धाकटा. पांढरी जीप चालवायचा. खिशात कायम अक्रोड. समोरची गाडी बाजूला आली रे आली की हा अर्धा खिडकीबाहेर. समोरचा कुणीही असो, तो याचा दाइ, म्हणजे दादा. "कुठले, दाइ? लग्न झालं? नाही? मग एवढी घाई कशाची?" समोरचा हसला की त्याच्या हातात अक्रोड कोंबायचा आणि निघून जायचा. परत कधी भेट होईल न होईल. त्याला त्याचं काही नव्हतं. उलट तेच त्याला आवडायचं. घरी येऊन आमाला सांगायचा, आज एक भेटला, त्याने आपल्या शेळ्यांना सासरच्या माणसांची नावं ठेवलीत. सासूला विकली म्हणाला मागच्या महिन्यात, भाव चांगला आला. आमा चहाची गाळणी हातात घेऊन खुदुखुदु हसत बसायची. ती पण तसलीच. दुकानात आलेल्याचं आजोळ कुठलं हे कळल्याशिवाय साखर घालायची नाही.

थोरला मनवीर उलटा. पिकअप चालवायचा, वर मीठ-तांदूळ न्यायचा, खाली सफरचंदं. बोट दाखवलं, गेला. हर्के त्याला म्हणायचा, "जेठा, तुझ्या तोंडाला टोल लागतो का रे?"

जेठा म्हणजे थोरला, तसा हर्के कान्छा, म्हणजे धाकटा. घरात मनवीरला कुणी मनवीर म्हणत नसे.

तर गेल्या वर्षी तिहारात, तिकडच्या दिवाळीत, कुकुर तिहारच्या दिवशी, म्हणजे कुत्र्यांना हार घालून टिळा लावायचा त्या दिवशी, दोघं भाऊ एकामागोमाग खालून वर येत होते. मनवीर पुढे, हर्के मागे. हर्केने जीपच्या नाकावर झेंडूचा हार बांधलेला. म्हणाला, ही पण माझी कुत्रीच आहे, भुंकते, चावत नाही.

घट्टेभीर नावाचा कडा आहे. तिथल्या खाचेत पदमसिंगची बस थांबली होती. पदमसिंगने विचारलं, "मागे किती?" मनवीरने एक बोट दाखवलं. आणि काय झालं त्याला कोण जाणे, सणाचा दिवस, पोटात सेल रोटी, तो चक्क बोलला. "मागे एक आहे. माझा भाऊ. तुम्हाला लवकर सोडायचा नाही."

आयुष्यात अनोळखी माणसाशी केलेली पहिली थट्टा. पदमसिंग हसला. मनवीरला त्या हसण्याने इतकं बरं वाटलं की पुढची तीन वळणं तो एकटाच गालात हसत होता.

पदमसिंग थांबला. थांबला, थांबला. मग उतरून खाली चालत गेला.

चाकांच्या खुणा कडेपर्यंत होत्या. पुढे नव्हत्या. जीप सापडली, तीन ठिकाणी. हर्के सापडला नाही. तिला नदीने तो ठेवून घेतला.

* * *

त्यानंतर मनवीरचं जे काय थोडं तोंड उघडायचं तेही बंद झालं. बोट दाखवायचंही बंद झालं. समोरचा विचारायचा, मागे किती, आणि हा काच वर करून निघून जायचा. ड्रायव्हर शिव्या घालायचे. घालू देत. त्या बोटानेच हर्केला मोजलं होतं.

काका म्हणाले, देह मिळत नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, रीत आहे. पंडितही तयार होता. पण आमा म्हणाली, "ज्याला बोटावर मोजलंय तो अजून पोचला नाही. आधी पोचू दे."

लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं.

मग चैतात एक ट्रकवाला दुकानात आला. खालचा, बर्दियाचा, या रस्त्यावर पहिल्यांदाच. बाकावर बसून एकटाच हसत होता. आमाने विचारलं, "काय रे बाबु, वाटेत काय खजिना सापडला?"

"नाही आमा, एक येडा भेटला खाली. झऱ्यावर पाणी भरत होतो, तर हा आला. पांढरी जीप. मला म्हणतो, लग्न झालं? म्हटलं नाही. म्हणतो, मग एवढी घाई कशाची!" ट्रकवाल्याने मांडीवर थाप मारली. "माझ्या मागेच होता. घट्टेभीरला थांबलेल्यांना सांगून आलोय, मागे एक आहे म्हणून. येईलच आता. त्याचाही चहा टाका."

आमाने दुसरा पेला काढला. दूध ओतलं. आणि तिचा हात तिथेच राहिला.

"त्याने तुला काही दिलं?"

"हे." त्याने खिशातून अक्रोड काढून बाकावर ठेवला. अक्रोड ओला होता. नुकता पाण्यातून काढावा तसा. बाकाच्या फळीवर त्याच्याभोवती ओल पसरत गेली.

आमाने चहा पूर्ण केला आणि तो पेला रस्त्याकडे तोंड करून ठेवला. साय आली, चहा गार झाला, कोणी आलं नाही.

मग हे सुरूच झालं. दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी नवखा यायचा. कधी भाजीवाला, कधी सरकारी जीप, एकदा तर लग्नाचं वऱ्हाड. सगळे हसत यायचे. खाली एक भेटला म्हणायचे. आमच्या मागेच होता, आरशात दिसत होता. घट्टेभीरला बोट दाखवून आलोय. घट्टेभीरला जे थांबायचे ते मात्र थांबून थांबून कंटाळायचे. पायी जाऊन बघायचे. रस्ता रिकामा, धुळीत एकाच गाडीची चाकं.

आमाला भीती वाटायची नाही. ती नवख्याला समोर बसवायची आणि खोदून खोदून विचारायची. काय म्हणाला? कसा हसला? तुझी काय थट्टा केली? वऱ्हाडातल्या नवरदेवाला म्हणे त्याने सांगितलं, दाइ, अजून वेळ आहे, गाडी वळवायला पुढे जागा आहे. आमा हे ऐकून डोळ्याला पदर लावून हसली. मग तिने नवरदेवाचे पैसे घेतले नाहीत.

मनवीर दुकानामागे टायर बदलत होता. त्याने सगळं ऐकलं. आत येऊन म्हणाला, "आमा, हे बंद कर."

"तुला काय त्रास?"

"लोकं येतात, तोंडाला येईल ते सांगतात."

"मग तू सांग. तुझ्या तोंडाला काय येतं ते तरी कळू दे."

तो बाहेर गेला.

* * *

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण रस्ता बोटावर चालतो, आणि बोट खोटं पडायला लागलं. जुने ड्रायव्हर आपसात म्हणायला लागले, घट्टेभीरला कुणी एक बोट दाखवलं तर थांबू नका, तो 'तो' आहे. म्हणजे आता एक बोट दाखवलं तर मागे खरंच कुणी आहे की नाही हे कुणालाच कळेना.

आश्विनात मनवीर मीठ घेऊन वर येत होता. त्याच्यापुढे एक बस होती. बसवाल्याने घट्टेभीरला रीतसर सांगितलं, मागे एक आहे. तो एक म्हणजे मनवीर. खाचेत थांबलेल्या टँकरवाल्याने ऐकलं, मान डोलावली, आणि बस गेल्याबरोबर गाडी काढली.

वळणावर दोघं समोरासमोर. मनवीरने ब्रेक मारला. मागचं डावं चाक कडेच्या दगडावरून घसरलं आणि हवेत फिरायला लागलं. मिठाची पोती एका बाजूला कलली. खालून तिलाचा आवाज आला. नेहमी येतो, पण त्या वेळी कुणीतरी कानाला तोंड लावून बोलावं तसा आला.

टँकरवाल्याने मागे घेतली, साखळी लावली, ओढलं. नंतर तो रस्त्यावरच उकिडवा बसला. तोंड राखेसारखं.

"दाइ, मला वाटलं तुम्ही तो आहात."

मनवीरला हे वाक्य चढभर पुरलं. जिवंत माणसाला लोक मेलेला समजून अंगावर गाडी घालतायत. आज मी. उद्या बायकापोरांनी भरलेली जीप.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमानेच विषय काढला. टँकरवाल्याने खाली सांगितलेलं वर येणाऱ्या एका गाडीने रात्रीच दुकानात पोचवलं होतं.

"माझा एक गेला," ती म्हणाली. "आता तो बाकीच्यांना घेऊन जाईल. त्याच्या मनात नसलं तरी. रस्त्याने त्याला मोजलंय आणि वाट कुणी दिली नाही. तू मोजलास, तूच वाट दे. त्या खाचेत थांब, आणि त्याला जाऊ दे."

"आणि आला तर?"

"येईल. आला की त्याला नावाने हाक मारायची नाही. भाऊ म्हणायचं नाही. माझा बाप शिकारी होता, तो सांगायचा, वाटेवरच्याला नावाने हाक मारली की तो थांबतो. आणि असला जिथे थांबला तिथेच राहतो. वाटेवर भेटणाऱ्याशी जेवढं बोलतात तेवढंच बोलायचं. कमी नाही, जास्त नाही."

"मला तेवढंही येत नाही, आमा."

"म्हणून तर मी येतेय."

मनवीरला हर्केची भीती नव्हती. त्याला आमाची भीती होती. वर्षभर जिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही ती पोराला समोर बघून ओरडणार नाही? एकदा कान्छा म्हणून किंकाळी फुटली की संपलं. मग तो कायमचा त्या कड्यावर, आणि त्याच्यामागे कोण कोण.

* * *

कुकुर तिहारचा दिवस उजाडला. आमाने दुकानातल्या काळूला आंघोळ घातली, कपाळाला टिळा लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला, सेल रोटीचा तुकडा दिला. सेल म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं, आमाच्या हातचं विशेष खमंग. बाकीच्या सेल तिने फडक्यात बांधल्या. काळू पिकअपमध्ये चढून बसला आणि उतरेना.

"येऊ दे," आमा म्हणाली. "आज त्याचा दिवस आहे. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही."

घट्टेभीरला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ऊन होतं, पण ऊब नव्हती. मनवीरने पिकअप खाचेत घातली. डावीकडे आमाच्या खिडकीला डोंगर चिकटलेला, उजवीकडे त्याच्या खिडकीबाहेर रस्त्याची एक पट्टी आणि मग काही नाही. पावसाने ती पट्टीही खाल्ली होती. जेमतेम गाडी जाईल एवढी उरलेली, कडेला चुना लावलेले दगड.

खालून ट्रकचा आवाज आला. धुळीचा लोट आला. मग ट्रक. आत गोल चेहऱ्याचा, टोपी उलटी घातलेला माणूस. गाडी बाजूला येऊन थांबली. तोंडभर हसू.

"काय दाइ, आमाला जत्रेला नेताय का?"

आमा मनवीरच्या मांडीवरून वाकून म्हणाली, "हा मला विकायला नेतोय. गिऱ्हाईक आहे का बघ."

"आमा, तुमची किंमत मला परवडायची नाही! मी सुखलाल, बर्दियाचा. खाली पण एक असाच भेटला, तुमच्यासारखा. हसवून हसवून मारलं."

मनवीरने विचारलं. वर्षभराने विचारलं.

"मागे किती?"

सुखलालने आरशात बघितलं. "एक आहे, दाइ. पांढरी जीप. हा काय, वळणावर दिसतोय." आणि एक बोट वर केलं.

ट्रक गेला. धूळ खाली बसली.

तेव्हा मनवीरच्या लक्षात आलं, तिलाचा आवाज येत नाही. लहानपणापासून कानात असलेला आवाज. तो बंद झाला होता. पक्षी नाही, वारा नाही. आमाच्या बांगड्या एकदा किणकिणल्या, तेवढंच.

काळू मागे उभा राहिला. मनवीरला वाटलं आता भुंकेल. तो भुंकला नाही. त्याची शेपटी पिकअपच्या पत्र्यावर आपटायला लागली. टप, टप, टप. ओळखीचं माणूस आल्यावर आपटते तशी.

वळणावरून पांढरी जीप आली.

धूळ उडत नव्हती. इंजिनाचा आवाज होता, पण खोलीतून यावा तसा दबका. नाकावर झेंडूचा हार, टवटवीत, जसा काही आत्ताच ओवलाय. जीप रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने येत होती. डावी चाकं चुन्याच्या दगडांच्या पलीकडे होती. तिथे रस्ता नव्हता. गेल्या वर्षी होता, तेव्हा होती तितकी रुंद वाट जणू तिच्यापुरती अजून शिल्लक होती.

खिडकीला खिडकी लागली.

हर्के होता. तोच. निळा स्वेटर, गालावर लहानपणी विळा लागल्याची खूण. केस ओले. पाण्याचे थेंब कपाळावरून ओघळत होते, पण स्वेटर कोरडा होता. त्याने कोपर खिडकीवर टाकलं आणि मनवीरकडे बघितलं. बघितलं म्हणजे, कुणाही रस्त्यावरच्या माणसाकडे बघतो तसं. ओळखीची एक रेघ नाही. नुसता आनंद.

"कुठले, दाइ?"

मनवीरचं तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आता जो शब्द बाहेर पडणार आहे तो 'कान्छा' आहे. क कसा म्हणायचा याची जिभेने तयारी केली होती. आमाची भीती होती त्याला, आणि फुटणार होता तो स्वतः.

आमाचा हात त्याच्या मांडीवर पडला. असा चिमटा काढला तिने की त्याच्या डोळ्यात पाणी आलं. ती त्याच्या अंगावरून वाकली, अर्धी खिडकीबाहेर.

"आम्ही ओखरबोटचे, बाबु. हा जरा मुका आहे. मनावर घेऊ नकोस."

हर्के हसला. "अहो, ओखरबोट तर आमचंच! कुणाच्या घरच्या तुम्ही?"

मनवीरने श्वास धरला.

"आली जनगणना!" आमा म्हणाली. "तुझ्या गाडीला वाट हवीय की माझी सोयरीक हवीय? लग्न झालं का तुझं?"

"नाही, आमा."

"मग एवढी घाई कशाची?"

हर्के मोठ्याने हसला. डोकं मागे टाकून. त्या हसण्याचा आवाज कड्यावर आपटून परत आला नाही. नुसता गेला. "हे वाक्य माझं आहे, आमा! तुम्ही कुठून चोरलंत?"

"म्हाताऱ्यांनी बोललेलंच तुम्ही पोरं बोलता, आणि म्हणे आमचं." तिने फडकं सोडलं, एक सेल काढून पुढे धरली. हात थरथरत नव्हता. मनवीर बघत होता, हात अजिबात थरथरत नव्हता. "घे. सण आहे."

त्याने सेल घेतली, एक घास घेतला आणि चावता चावता थांबला. कपाळाला आठी पडली. काहीतरी आठवायचं आहे आणि आठवत नाही असं.

"असली सेल," हर्के हळूच म्हणाला, "आमच्याच घरी होते."

काळूची शेपटी थांबली.

"सगळ्यांना असंच वाटतं रे," आमा म्हणाली. "म्हणून तर घरी लवकर जायचं असतं. जा. वर चढ आहे."

"खरंय." आठी गेली. त्याने खिशात हात घातला आणि अक्रोड काढले, ओंजळभर. मनवीरने हात पुढे केला. बोटं बोटांना लागली. नदीतल्या दगडासारखी गार. हर्केने एक क्षण मनवीरचा हात धरल्यासारखा केला, किंवा मनवीरनेच धरला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"दाइ," हर्के म्हणाला, "तुम्ही बोट दाखवत जा. लोकं खोळंबतात."

हे त्याला कुणी सांगितलं? मनवीरने त्याच्या डोळ्यात बघितलं. तिथे काही सापडलं नाही. नुसता एक हसरा, ओळख नसलेला पोरगा.

आता विचारायचं होतं. रीत होती. आमा विचारू शकत नव्हती, जो गाडी घेऊन थांबलाय त्यानेच विचारायचं असतं. मनवीरने ओठ ओले केले.

"मागे किती, भाइ?"

भाइ तर रस्त्यावर सगळ्यांनाच म्हणतात. वयाने लहान दिसला की भाइ. पण निघालं तोंडातून आणि त्याचं काळीज हललं. आमाने डोळे मिटले.

हर्केने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. आरशात काय होतं ते मनवीरला या बाजूने दिसत नव्हतं. मग त्याने हात खिडकीबाहेर काढला आणि झटकला. पाण्याचे थेंब उडाले, मनवीरच्या गालावर आले.

"मागे कोणी नाही, दाइ. मी शेवटचाच. तुम्ही जा निवांत."

जीप निघाली. चुन्याच्या दगडांपलीकडून, नसलेल्या वाटेवरून, वर. काळू पिकअपमधून उडी मारून तिच्यामागे पळाला. मनवीरचे डोळे आरशाकडे वळले. आमा म्हणाली, "बघू नकोस. रस्त्यावर भेटलेल्याकडे वळून कोण बघतं?"

त्याने बघितलं नाही. समोर बघत राहिला.

थोड्या वेळाने तिलाचा आवाज परत आला. आधी अगदी बारीक, मग नेहमीसारखा. काळू जीभ बाहेर काढून परत आला, हार कुठेतरी पडला होता. उडी मारून आपल्या जागी बसला आणि झोपला.

मग आमा रडली. पदर तोंडात कोंबून, पुढे-मागे झुलत. मनवीरने तिच्या पाठीवर हात ठेवला. रडता रडताच ती हसली.

"चोर म्हणाला मला. माझंच वाक्य आणि मला चोर म्हणाला."

* * *

ते सुर्खेतपर्यंत गेले नाहीत. खाली झऱ्यापाशी गाडी वळवली आणि चढायला लागले. आमा म्हणाली, पंडिताला सांग, पुतळ्याला अग्नी द्यायला या महिन्यातला कुठलाही दिवस चालेल. मग ती खिडकीला डोकं टेकून बसली. मांडीवर अक्रोड होते. लुगड्यावर ओल पसरली होती, पण अक्रोड वाळत होते. एकेक करून.

घट्टेभीरला आता ते चढणारे होते. खाचेत एक लाल बस थांबलेली. आत जुना माणूस, पदमसिंगच. त्याने मनवीरची पिकअप ओळखली आणि चेहरा पाडला. हा काय बोलणार, काच वर करणार.

मनवीरने काच खाली केली.

"मागे किती?" पदमसिंगने विचारलं, सवयीने.

मनवीरने आरशात बघितलं. रस्ता. त्याच्याच गाडीची धूळ, उन्हात सोनेरी झालेली. आणखी काही नाही. त्याने हात बाहेर काढला आणि झटकला.

पदमसिंगचे डोळे मोठे झाले. "नक्की?"

"नक्की. मागे कोणी नाही." मनवीरने आमाच्या मांडीवरचा एक अक्रोड उचलला आणि पदमसिंगच्या हातात ठेवला. कान गरम झाले. मग म्हणाला, "तुमचं लग्न झालंय का?"

"मला नातवंडं आहेत रे, भाइ!"

"मग घाई असणारच," मनवीर म्हणाला. "जा."

बसमधली पुढच्या सीटवरची एक बाई फिसकन हसली. कोण कुठली. परत कधी दिसायची नाही. मनवीरने गियर टाकला आणि पुढची तीन वळणं तो गालात हसत राहिला. आमाने ते बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.